उंदरातील मेदचयापचय आणि जनुके: प्रयोग आखण्यापासून निष्कर्षापर्यंत

एखादे जनुक काढून टाकलेले उंदीर आपल्या भावंडांपेक्षा जड भरले, म्हणून ते जनुक चरबीचे नियंत्रण करते असे लगेच म्हणता येत नाही. हे जादा वजन अधिक खाण्यामुळे आलेले असेल, कमी उष्णता खर्च झाल्यामुळे आलेले असेल, आतड्यांतून अधिक मेद शोषला गेल्यामुळे आलेले असेल, किंवा ते चरबीचे नसून हाडामांसाचेच असेल. या शक्यता एकेक करून कशा तपासाव्यात आणि त्यासाठी उंदीर, आहार, तापमान व मोजमाप यांची निवड कशी करावी, हे पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी येथे क्रमाने मांडले आहे. प्रयोगाच्या पायऱ्या सांगताना प्रत्यक्षात घडलेली उदाहरणे मुद्दाम घेतली आहेत, कारण या क्षेत्रातले बहुतेक नियम कुणाच्या तरी फसलेल्या अपेक्षेतूनच तयार झाले आहेत.

पहिली पायरी: जनुकाची जागा ठरवणे

मेदाचा प्रवास साधारण सहा ठिकाणी अडवता किंवा वळवता येतो. भूक आणि तृप्ती यांचे नियमन मेंदूत होते. तेथे लेप्टिन हे तृप्तीचे संप्रेरक, त्याचा ग्राही (म्हणजे संदेश ओळखणारे प्रथिन) आणि मेलॅनोकॉर्टिन-४ ग्राही यांची जनुके काम करतात. मेदपेशी मुळात तयार होण्यासाठी पीपीएआर-गॅमा हा नियंत्रक लागतो. मेदाम्ले एकत्र बांधून ट्रायग्लिसराइड करण्याचे काम डीजीएटी-१ आणि डीजीएटी-२ ही विकरे करतात. साठा फोडण्याची सुरुवात एटीजीएल हे विकर करते, पुढचा टप्पा संप्रेरकसंवेदी लायपेज उचलते, आणि मेदबिंदूच्या पृष्ठभागावरील पेरिलिपिन हे प्रथिन या दोघांना कधी आत येऊ द्यायचे ते ठरवते. यकृतात नवा मेद घडवण्याचा कारभार एसआरईबीपी-१सी आणि सीएचआरईबीपी यांच्याकडे, तर उपासात मेद जाळण्याचा पीपीएआर-अल्फाकडे असतो. शेवटी तपकिरी मेदात यूसीपी-१ हे प्रथिन मेदापासून थेट उष्णता निर्माण करते.

आपले जनुक यांपैकी कोणत्या ठिकाणी बसत असावे, याचा अंदाज प्रयोगापूर्वीच लेखी नोंदवावा आणि त्या अंदाजानुसार कोणत्या मापात कोणत्या दिशेने बदल अपेक्षित आहे तेही लिहावे. एकाच पायरीवरच्या दोन जनुकांचे परिणामसुद्धा किती वेगळे असू शकतात, हे डीजीएटीच्या जोडीवरून दिसते. डीजीएटी-१ नसलेले उंदीर जगतात, सडपातळ राहतात आणि मेदयुक्त आहारावरही सहसा लठ्ठ होत नाहीत. डीजीएटी-२ नसलेली पिल्ले मात्र जन्मानंतर थोड्याच वेळात दगावतात. मेद फोडणारे विकर काढले तर उंदीर केवळ लठ्ठ होईल, ही अपेक्षाही अपुरी ठरली. एटीजीएल नसलेल्या उंदरांच्या हृदयाच्या स्नायूत मेद साचत जातो आणि ते काही महिन्यांत हृदय निकामी होऊन मरतात. ज्या ऊतीकडे आपण पाहत नाही, तिथेच मुख्य परिणाम घडत असण्याची शक्यता त्यामुळे नेहमी गृहीत धरावी.

दुसरी पायरी: बिघाड संदेशात आहे की ग्राहीत, हे ओळखणे

या तर्काचा उत्तम नमुना अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत तयार झाला. तेथे १९४९ साली एका वेतात अतिलठ्ठ पिल्ले आढळली आणि पुढच्या वर्षी त्या उत्परिवर्तनाला ‘ओबी’ हे नाव मिळाले. १९६६ मध्ये तिथल्याच संशोधकांनी लठ्ठ आणि मधुमेही अशा दुसऱ्या उत्परिवर्तनाचे, ‘डीबी’चे, वर्णन प्रसिद्ध केले. दोन्ही प्रकारचे उंदीर दिसायला जवळजवळ सारखेच होते. डग्लस कोलमन यांनी शस्त्रक्रियेने दोन उंदरांचे रक्ताभिसरण जोडून त्यांतला फरक उलगडला. डीबी उंदराला साध्या उंदराशी जोडले, तेव्हा साध्या उंदराने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. डीबीला ओबीशी जोडले, तेव्हा ओबी उंदराचीही तीच गत झाली. ओबीला साध्या उंदराशी जोडल्यावर मात्र ओबीचे खाणे आणि वजनवाढ कमी झाली. यातून निघणारा निष्कर्ष सरळ होता: ओबी उंदराला तृप्तीचा रक्तगत संदेश तयार करता येत नाही, पण तो ओळखता येतो, डीबी उंदीर संदेश भरपूर तयार करतो, पण तो ओळखण्याची त्याला सोय नाही.

जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये ओबी जनुक शोधून काढले, त्यापासून तयार होणाऱ्या संप्रेरकाला लेप्टिन हे नाव मिळाले, आणि १९९५ मध्ये लेप्टिनचा ग्राहीही सापडला. एका रेणूचे नावही ठाऊक नसताना कोलमन यांचा तर्क वीसेक वर्षे आधी पूर्ण झाला होता, ही गोष्ट रेणूंच्या याद्या गोळा करण्यात रमलेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी असे मला वाटते.

आज हा प्रश्न सोडवण्यासाठी उंदीर जोडण्याची गरज सहसा पडत नाही. आपल्या जनुकापासून स्रवणारे प्रथिन तयार होत असेल, तर ते प्रथिन बाहेरून टोचून लक्षणे मागे फिरतात का, ते पाहावे. ओबी उंदराला लेप्टिन टोचल्यावर त्याचे खाणे आणि वजन दोन्ही घटतात, डीबी उंदरावर त्याचा परिणाम होत नाही. या दोन गटांची तुलना हीच येथे कसोटी आहे. रक्तातील प्रथिनाची पातळीही सोबत मोजावी, कारण ग्राही बिघडलेल्या उंदरात ती बहुधा कमी नसून वाढलेली असते.

तिसरी पायरी: उंदराचा वंश आणि तुलनेचा गट

ओबी आणि डीबी ही दोन्ही उत्परिवर्तने सी५७ब्लॅक/६ या वंशात असतील, तर उंदीर खूप लठ्ठ होतो, परंतु त्याचा स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून रक्तातील साखर बऱ्याच अंशी आवाक्यात ठेवतो. तीच उत्परिवर्तने सी५७ब्लॅककेएस या वंशात नेली, की इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी थकून नष्ट होतात, तीव्र मधुमेह होतो आणि आयुष्य घटते. जनुक तेच, दोष तोच. फरक पडतो तो बाकीच्या जनुकसंचामुळे. म्हणून ‘ब्लॅक-सिक्स’ एवढीच नोंद पुरेशी नसते, उपवंशही लिहावा लागतो. जॅक्सन प्रयोगशाळेच्या ‘जे’ उपवंशात एनएनटी या मायटोकॉन्ड्रियातील विकराच्या जनुकाचा काही भाग गळालेला आहे. ‘एन’ उपवंशात ते जनुक शाबूत आहे. ऑक्सिडीकरण आणि इन्सुलिनस्राव यांच्याशी या विकराचा संबंध असल्याने, नॉकआउट (जनुक काढून टाकलेला उंदीर) एका उपवंशातला आणि विकत आणलेला वाइल्ड टाइप (जनुक शाबूत असलेला उंदीर) दुसऱ्या उपवंशातला असेल, तर जो फरक मिळेल तो आपल्या जनुकाचा आहे की एनएनटीचा, हे सांगता येणार नाही.

यावरचा उपाय म्हणजे एकाच वेतातील भावंडांशी तुलना करणे. दोन्ही पालकांत जनुकाची एकच प्रत बिघडलेली असेल, तर सरासरी एक चतुर्थांश पिल्ले नॉकआउट आणि एक चतुर्थांश वाइल्ड टाइप निघतात. प्रत्येक गटात बारा नर हवे असतील, तर साधारण शंभर पिल्ले जन्माला यावी लागतात, कारण निम्म्या माद्या असतात. हा हिशेब आधीच केला नाही, तर मागाहून वेगवेगळ्या महिन्यांतली पिल्ले एकत्र करण्याचा मोह होतो. दूध सुटल्यावर दोन्ही जनुकप्रकारांची भावंडे मिसळून ठेवावीत. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे पिंजरा एक असला की आतड्यातील जीवाणूही बरेचसे सारखे राहतात. माद्यांनाही प्रयोगात घ्यावे. सी५७ब्लॅक/६ माद्या मेदयुक्त आहारावर नरांपेक्षा सावकाश लठ्ठ होतात, म्हणून अनेक गट त्यांना वगळतात. पण मग निघालेला निष्कर्ष फक्त नरांपुरता असतो आणि तो तसाच लिहायला हवा.

जनुक फक्त मेदपेशीतून काढायचे असेल, तर क्री-लॉक्स पद्धत वापरली जाते: जनुकाच्या दोन्ही बाजूंना ‘लॉक्स’ खुणा बसवतात, आणि क्री हे विकर ज्या ऊतीत तयार होते तिथेच त्या खुणांमधला भाग कापला जातो. येथे क्रीची निवड निर्णायक ठरते. पूर्वी सर्रास वापरली जाणारी एपी-२ क्री मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी आणि मज्जासंस्था यांसह इतर ठिकाणीही सक्रिय होते, त्यामुळे तिच्यावर आधारलेले जुने निष्कर्ष सावधपणे वाचावे लागतात. अ‍ॅडिपोनेक्टिन क्री मेदपेशींपुरती बरीच मर्यादित राहते, मात्र ती पांढऱ्या आणि तपकिरी या दोन्ही मेदांत चालते. फक्त तपकिरी मेदासाठी यूसीपी-१ क्री घेतात. लॉक्स असलेल्या पण क्री नसलेल्या भावंडांबरोबर, क्री असलेल्या पण लॉक्स नसलेल्या उंदरांचाही एक गट ठेवावा. टॅमॉक्सिफेनने चालू होणारी क्री वापरली असेल, तर टॅमॉक्सिफेन सर्व गटांना द्यावे आणि नंतर काही आठवडे थांबावे, कारण त्या औषधाचाच मेदसाठ्यावर परिणाम होतो.

भारतात हे सारे सुरू करण्यापूर्वी परवानग्या लागतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सीसीएसईए, म्हणजे पूर्वीची सीपीसीएसईए, या समितीकडे प्राणीगृहाची नोंदणी असावी लागते, संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडे ‘फॉर्म बी’मध्ये प्रस्ताव द्यावा लागतो, आणि जनुकबदल केलेल्या उंदरांसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचीही मान्यता घ्यावी लागते. वर सांगितलेला पैदाशीचा हिशेब या प्रस्तावातच मांडावा. प्रयोगात न येणाऱ्या पिल्लांचे काय होणार, हा प्रश्न समितीने विचारलाच पाहिजे.

चौथी पायरी: तापमान

या विषयात सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वांत महागात पडणारी बाब तापमान ही आहे. माणसाला सुखद वाटणारे २२ अंश सेल्सिअस उंदराला थंडच वाटते. लहान शरीरामुळे त्याची उष्णता झपाट्याने निघून जाते आणि मिळवलेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा तो केवळ ऊब टिकवण्यासाठी खर्चतो. सुमारे ३० अंशांना हा खर्च जवळजवळ थांबतो.

यूसीपी-१ नॉकआउटची कथा यासाठीच सांगावी लागते. हे उंदीर १९९७ मध्ये प्रथम वर्णिले गेले तेव्हा, उष्णता निर्माण करणारे प्रथिनच नाही म्हणजे ऊर्जा साठणार आणि उंदीर लठ्ठ होणार, अशी सर्वांची अपेक्षा होती. उंदीर थंडी सहन करू शकले नाहीत, पण लठ्ठही झाले नाहीत. या निकालामुळे तपकिरी मेदाचा वजनाशी संबंध आहे की नाही, याविषयीच शंका घेतली गेली. २००९ मध्ये स्टॉकहोममधील बार्बरा कॅनन आणि यान नेडरगार्ड यांच्या गटाने तोच प्रयोग ३० अंशांच्या आसपास केला आणि तेव्हा यूसीपी-१ नसलेले उंदीर लठ्ठ झाले. नेहमीच्या खोलीतील थंडीत हे उंदीर कुडकुडून आणि इतर खर्चिक मार्गांनी ऊब मिळवत होते, त्या खर्चाखाली जनुकाचा परिणाम झाकला गेला होता.

म्हणून आपले जनुक ऊर्जाखर्चाशी निगडित असण्याची थोडीही शक्यता असेल, तर एक संच २२ अंशांना आणि एक ३० अंशांना ठेवावा, आणि नव्या तापमानाला सरावण्यासाठी किमान दोन ते तीन आठवडे द्यावेत. थंडीचा प्रयोग करायचा झाल्यास उंदरांना एकदम ४ अंशांत नेण्याऐवजी आधी १८ अंशांना सरावू द्यावे. यूसीपी-१ नसलेले उंदीरही अशा टप्प्याटप्प्याने थंडीत जगतात. शरीराचे तापमान दर तासाला मोजावे आणि किती खाली गेल्यावर प्रयोग थांबवायचा, तो आकडा आधीच ठरवावा. पिंजऱ्यात एकटा ठेवलेला उंदीर गटातल्या उंदरापेक्षा जास्त उष्णता गमावतो आणि घरट्याचा कापूस मिळालेला कमी गमावतो, हेही लक्षात घ्यावे. आपल्याकडे मे महिन्यात वीज गेल्यावर वातानुकूलन किती वेळ बंद होते, ते कागदावरच्या ‘२२ अंशां’त दिसत नाही, म्हणून पिंजऱ्यांच्या रांगेतच तापमान नोंदवणारे यंत्र ठेवावे.

पाचवी पायरी: आहार

लठ्ठपणा आणण्यासाठी ६० टक्के कॅलरी मेदातून देणारा शुद्ध घटकांचा आहार साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून बारा ते सोळा आठवडे देतात. तुलनेच्या गटाला नेहमीच्या गोळ्यांचे धान्ययुक्त खाद्य दिले, तर मेदाबरोबर तंतू, साखर, प्रथिनांचा स्रोत आणि वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनसदृश द्रव्ये हे सगळेच बदलते. त्याऐवजी त्याच घटकांचा, १० टक्के कॅलरी मेदातून देणारा आणि साखरेचे प्रमाण जुळवलेला आहार घ्यावा. आहाराचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. ‘हाय फॅट’ एवढ्या शब्दांवरून पुढच्या संशोधकाला प्रयोग पुन्हा करता येत नाही.

सहावी पायरी: जिवंत उंदरावरची मोजमापे

वजन दर आठवड्याला, ठरलेल्या वेळीच घ्यावे. शरीरातील चरबी आणि चरबीविरहित भाग वेगळे मोजण्यासाठी चुंबकीय अनुस्पंदनावर चालणारे यंत्र उत्तम. त्यासाठी भूल द्यावी लागत नाही आणि त्याच उंदराची मापे पुन्हा पुन्हा घेता येतात.

अन्नसेवनाच्या मोजमापाची मर्यादा एका साध्या गणिताने कळते. समजा, दहा आठवड्यांत नॉकआउट उंदरांच्या अंगावर भावंडांपेक्षा अडीच ग्रॅम चरबी जास्त साठली. एका ग्रॅम चरबीत सुमारे ९ किलोकॅलरी धरल्या, तर हा साठा २२.५ किलोकॅलरींचा होतो, आणि ७० दिवसांवर वाटला तर दिवसाला ०.३२ किलोकॅलरी येतात. उंदीर दिवसाला साधारण ११ ते १२ किलोकॅलरी खात असल्यास हा फरक तीन टक्क्यांहून कमी, म्हणजे गोळी खाद्याच्या सुमारे एक दशांश ग्रॅमएवढा आहे. एवढा चुरा तर उंदीर पिंजऱ्यात सांडतात. ‘खाण्यात लक्षणीय फरक आढळला नाही, म्हणून लठ्ठपणा ऊर्जाखर्च घटल्यामुळे आहे’ हे वाक्य शोधनिबंधांत वारंवार भेटते, पण बहुतेक वेळा त्याला आधार नसतो. नॉकआउट गटाला भावंडांइतकेच अन्न मोजून देणे आणि तरीही चरबी वाढते का ते पाहणे, ही त्यापेक्षा भक्कम चाचणी आहे. मात्र मोजून दिलेले अन्न उंदीर एका झटक्यात संपवतो आणि उरलेला वेळ उपाशी राहतो, म्हणून ते दिवसभरात विभागून द्यावे.

ऊर्जाखर्च ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून काढतात. वजने एकमेकांपासून दूर जाण्यापूर्वी, म्हणजे आहार सुरू झाल्यावर लवकरच हे मोजमाप करावे. उंदीर लठ्ठ झाल्यावर मोजल्यास कारण आणि परिणाम वेगळे करता येत नाहीत. यंत्रातल्या पिंजऱ्याची सवय होईपर्यंतचा पहिला दिवस हिशेबात धरू नये. सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि घेतलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर ०.७ च्या जवळ असल्यास मुख्यतः मेद जळत असतो आणि १.० च्या जवळ असल्यास कर्बोदके. मात्र हे गुणोत्तर इंधनाचा प्रकार सांगते, खर्चाचे प्रमाण नव्हे.

यानंतरची सर्वांत रूढ चूक म्हणजे एकूण खर्चाला शरीराच्या वजनाने भागणे. चरबीची ऊती फार कमी ऊर्जा वापरते. त्यामुळे लठ्ठ उंदराचा एकूण खर्च भावंडांइतका किंवा त्याहून जास्त असला, तरी जादा चरबीने भागाकार केल्यावर तो कमी दिसू लागतो आणि नसलेला दोष सापडतो. योग्य मार्ग म्हणजे प्रत्येक उंदराचा एकूण खर्च तसाच ठेवून, चरबी आणि चरबीविरहित वस्तुमान सहचल म्हणून घेणारे, म्हणजे त्यांचा प्रभाव वेगळा काढणारे, सहप्रसरण विश्लेषण करणे. ग्लुकोज सहनशीलता चाचणीतही हीच अडचण येते: मात्रा एकूण वजनावर ठरवली तर लठ्ठ उंदराला अधिक ग्लुकोज जाते, म्हणून ती चरबीविरहित वजनावर ठरवावी. एका पिंजऱ्यातल्या चौघांचे खाणे एकत्र मोजले असेल, तर संख्याशास्त्रीय एकक पिंजरा आहे, उंदीर नव्हे.

सातवी पायरी: उपास, भरले पोट आणि घड्याळाची वेळ

अनेक जनुकांचा परिणाम फक्त ताणाखाली दिसतो. पीपीएआर-अल्फा नसलेला उंदीर भरल्या पोटी जवळजवळ नेहमीसारखा असतो. त्याला उपाशी ठेवल्यावर मात्र यकृतात मेद साचतो, साखर फार खाली जाते आणि कीटोन पुरेसे तयार होत नाहीत. याउलट एसआरईबीपी-१सीचा संदेश उपासात घसरतो आणि पुन्हा खाल्ल्यावर जोराने वाढतो. म्हणून ऊतींचे नमुने किमान दोन ठरलेल्या अवस्थांत घ्यावेत: मोजलेल्या उपासानंतर, आणि उपास सोडून काही तास खाल्ल्यानंतर. उंदीर रात्री खातो, त्यामुळे रात्रभराचा उपास त्याच्यासाठी उपासमारच असते. साखर आणि इन्सुलिनच्या नेहमीच्या चाचण्यांना सकाळपासून पाच ते सहा तास पुरेसे आहेत. मेद घडवणारी जनुके दिवसाच्या चक्रानुसारही वरखाली होतात. नॉकआउट गट सकाळी आणि वाइल्ड टाइप दुपारी कापला, तर मिळणारा फरक घड्याळाचा असू शकतो. दोन्ही गट आलटून पालटून घ्यावेत.

आठवी पायरी: ऊती आणि रेणू

जांघेतील त्वचेखालचा मेद, वृषणाजवळचा मेद, आतड्याच्या पडद्यातला मेद आणि खांद्यांमधला तपकिरी मेद वेगवेगळे काढून तोलावेत. जांघेच्या मेदात मधोमध लसिकाग्रंथी असते. ती काढली नाही तर आरएनएमध्ये प्रतिकारपेशींची जनुके उसळून दिसतात आणि दाह झाल्याचा भास होतो. तपकिरी मेदावर चिकटलेला पांढरा मेद सोलून काढावा. यकृत प्रत्येक वेळी तपासावे: दीर्घकाळ मेदयुक्त आहार दिल्यावर वृषणाजवळचा साठा वाढायचा थांबतो, काही वेळा घटतोही, आणि त्याच सुमारास यकृतात मेद वाढतो. फक्त त्या एका साठ्याचे वजन पाहणारा अशा वेळी उंदीर सडपातळ झाल्याचे सांगेल.

यकृतातील मेद ऑइल रेड-ओने रंगवायचा असल्यास गोठवलेले काप घ्यावेत, कारण पॅराफिनच्या प्रक्रियेतील द्रावक मेद धुऊन नेतात. मेदऊतीतून आरएनए कमी मिळतो. ऊती दळल्यावर आधी एकदा अपकेंद्रित करून वर तरंगणारा मेदाचा थर टाळावा. संदर्भ जनुक (ज्याच्या तुलनेत इतर जनुकांची पातळी मोजतात ते) गृहीत न धरता, दोन्ही गटांत आणि दोन्ही आहारांत ते स्थिर असल्याची खात्री करून घ्यावी. साठा फुटण्याची क्रिया मोजायची असेल, तर ताज्या मेदाचे तुकडे बीटा-३ ग्राही उत्तेजित करणाऱ्या औषधासह आणि त्याविना ठेवून माध्यमात सुटलेले ग्लिसरॉल मोजावे. निव्वळ मेदाम्लांवर विसंबू नये, कारण मेदपेशी सुटलेली मेदाम्ले पुन्हा बांधून ठेवते, ग्लिसरॉल मात्र फारसे परत वापरत नाही. संदेशवाही आरएनए वाढला म्हणजे विकराचे काम वाढले असेही नाही. संप्रेरकसंवेदी लायपेजची सक्रियता फॉस्फेट जोडले जाण्यावर ठरते, म्हणून ते प्रथिनाच्या पातळीवर पाहावे लागते.

नववी पायरी: कारण सिद्ध करणे

शेवटची चाचणी म्हणजे काढलेले जनुक परत देणे. यकृतात ते एएव्ही या विषाणुवाहकाने परत आणता येते, मेदपेशीत ट्रान्सजीनने, म्हणजे जनुकसंचात बाहेरून घातलेल्या जनुकाने. ज्या ऊतीत जनुक परत दिल्यावर लक्षण नाहीसे होते, तीच त्याची कार्यभूमी समजावी. परत देताना विकराची निष्क्रिय केलेली आवृत्तीही एका गटाला द्यावी. त्याबरोबरच उंदरापासून वेगळ्या काढलेल्या पूर्वमेदपेशी बशीत वाढवून तिथेही दोष दिसतो का, ते पाहावे. बशीत दोष नसेल, तर उंदरातला बदल मज्जातंतू, संप्रेरक किंवा खाण्यातून आलेला असू शकतो आणि शोध पहिल्या पायरीवरच्या दुसऱ्या जागेकडे वळवावा लागतो.

निकाल लिहिताना उपवंश, लिंग, वय, आहाराचा क्रमांक, पिंजऱ्यातील संख्या, घरट्याचे साहित्य, नोंदवलेले तापमान, उपासाचे तास आणि नमुना घेण्याची वेळ हे तपशील पद्धतीच्या विभागात द्यावेत, आणि वगळलेल्या प्रत्येक उंदराचे कारण तक्त्यात नोंदवावे. गट ठाऊक नसलेल्या व्यक्तीने मोजमाप केले की नाही, तेही त्याच तक्त्याखाली लिहावे.